मधला तुकडा काढल्यावर उरणारी काळी जागा

व्हिडिओ एडिट करताना मधली क्लिप उडवली की टाइमलाइनवर, म्हणजे क्लिपा ओळीने मांडलेल्या पट्टीवर, काळी जागा उरते, मग पुढच्या सगळ्या क्लिपा निवडून माउसने मागे ओढा, असा सल्ला दिला जातो. कशाला एवढी उठाठेव? दाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये बॅकस्पेस दाबलं तर जागा रिकामी राहते, डिलीट दाबलं तर पुढचं सगळं आपोआप सरकून येतं. शॉटकट या दुसऱ्या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये हीच दोन कामं अनुक्रमे झेड आणि एक्स करतात. फक्त पार्श्वसंगीताच्या ट्रॅकला आधी कुलूप लावा, नाहीतर चित्राबरोबर तेही जागचं हलायचं.

खरी गंमत पुढे आहे. चित्र आणि आवाज एकाच ठिकाणी कापले की लग्नाचा व्हिडिओ धक्के खात चालतो. समजा, नवरी तयार होतेय आणि पुढचा शॉट मंडपाचा आहे. रिझॉल्व्हमध्ये ऑल्ट दाबून फक्त आवाजाचा जोड पकडा आणि १०-१२ फ्रेम (व्हिडिओतली एकेक स्थिर चित्रं) डावीकडे ओढा. आरशासमोर नथ घालतानाच सनई ऐकू येते, मग मंडप दिसतो. यालाच जे-कट म्हणतात. मात्र मंडपाच्या क्लिपचं सुरुवातीचं थोडं चित्रण कापून मागे ठेवलेलं हवं. रेकॉर्डच केलं नसेल तर ओढणार काय?

आणि हो, फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम, सुरुवातीलाच ठरवा. रिझॉल्व्ह मुळात २४ धरतं, मोबाइल बहुधा ३० वर शूट करतो, आणि टाइमलाइन बनल्यावर रिझॉल्व्ह तो आकडा बदलू देत नाही.