टर्मिनलवर चालतं, एक्झेकमधून का नाही?

टर्मिनलवर एफएफएमपेग (व्हिडिओ रूपांतराचा प्रोग्राम) व्यवस्थित चालतं, पण पीएचपीच्या एक्झेकमधून (वेब स्क्रिप्टमधून बाहेरची कमांड चालवणारं फंक्शन) काहीच होत नाही आणि एररही दिसत नाही, असा मूळ प्रश्न आहे. आधीच्या एका उत्तरात फोल्डरला ७७७ (सगळ्यांना सगळी परवानगी) देण्याचा सल्ला आलाय. कृपया तसं करू नका. सर्व्हरवरच्या कुठल्याही युजरला तिथे हवं ते लिहिता येईल.

आधी नेमकं काय अडतंय ते बघा. कमांडच्या शेवटी 2>&1 जोडा, म्हणजे एररही आउटपुटमध्ये येईल, आणि एक्झेकचा तिसरा पॅरामीटर, म्हणजे एक्झिट कोड (कमांड कशी संपली ते सांगणारा आकडा), छापून बघा. १२७ आला तर प्रोग्राम सापडत नाहीये, पूर्ण पाथ द्या. १२६ आला तर परवानगीची अडचण. माझे दोन दिवस यातच गेले होते. प्रोग्राम माझ्या होम फोल्डरमध्ये होता आणि उबुंटू २१.०४ पासून नवीन होम फोल्डर ७५० परवानगीने (फक्त मालक आणि त्याचा ग्रुप) बनतं, म्हणजे अपाचे या वेब सर्व्हरच्या युजरला, ज्याच्या नावाने पीएचपी चालतं, आत पाऊलही टाकता येत नाही. फाइल /यूएसआर/लोकल/बिनमध्ये हलवली, काम झालं.

शेअर्ड होस्टिंगवर एक्झेकच बंद असेल तर स्क्रिप्टमधून ते चालू करता येत नाही, ती सेटिंग पीएचपी.आयएनआय या सर्व्हरच्या सेटिंग फाइलमध्येच असते. अशा वेळी वेब स्क्रिप्टने फक्त डेटाबेसच्या टेबलात कामाची नोंद करावी आणि क्रॉनने (ठरल्या वेळी कामं चालवणारी सोय) दर मिनिटाला ती उचलून तुमच्या युजरखाली प्रोग्राम चालवावा. मोठ्या व्हिडिओंना तसंही हेच बरं, पान अडकून राहत नाही.

आणि युजरने दिलेलं फाइलनेम एस्केपशेलआर्गमधून (नावातली घातक चिन्हं निष्प्रभ करणारं पीएचपीचं फंक्शन) काढल्याशिवाय कमांडला अजिबात जोडू नका.