माळढोकातला ‘माळ’ म्हणजे पडीक जमीन का?

आटपाडीहून विचारतेय. लेकीच्या शब्दार्थाच्या वहीत ‘माळ = ओसाड, पडीक जमीन’ असं लिहिलंय. ती म्हणते, मग माळढोक ओसाडातला पक्षी का? मला उत्तर देता आलं नाही. आमच्याकडं तर माळ वेगळा आणि पडीक वेगळं.

— ताई, लेकीची शंका रास्त आहे. मी खटाव भागातला. ‘औंदा खालचं रान पड टाकलंय’ म्हणजे जमिनीला विसावा दिलाय, पुढल्या साली नांगर फिरणार. पडीक म्हणजे कसणं सोडून दिलेली जमीन. माळ मुळात कधी कसलेलाच नसतो. वीतभर मुरूम, खाली खडक, वर कुसळी नि मारवेल गवत. मेंढरं चारणारा धनगर त्याला पडीक म्हणत नाही, कारण त्याचं पोट त्यावरच चालतं. ‘पडीक’ हा नांगरवाल्याचा शब्द. सातबाऱ्यावरचा ‘पोटखराबा’ही त्याच नजरेचा: पिकाच्या हिशेबानं खराब.

माळढोक मात्र या ‘खराब’ जमिनीवरच जगतो. मादी उघड्यावर, बहुधा वर्षाला एकच अंडं घालते. खाणं नाकतोडे, भुंगेरे, सरडे, बोरं. त्याला चौफेर नजर पोचेल अशी मोकळी जागा लागते. ओसाड समजून माळावर दाट झाडं लावली, तरी त्याचं घर मोडतं. विजेच्या तारांनी तर घातच केलाय: डोळे बाजूला असल्यानं समोरची तार उशिरा दिसते आणि पंधरा किलोपर्यंतचा नर ऐनवेळी वळू शकत नाही. सोलापूरजवळ नान्नजला १९७९ साली अभयारण्य झालं. पण आता देशात उरलेले जेमतेम दीडशे पक्षी, तेही बहुतेक जैसलमेरकडं. मला याचं फार वाईट वाटतं.

तणमोर या गवतातल्या पक्ष्याचंही तसंच. तृणाचं तण झालं. त्या नावात ‘तण’ म्हणजे साधं गवत. आपण मात्र तण म्हटलं की खुरपं नाहीतर तणनाशक शोधतो. तोही नष्ट होण्याच्या काठावर आहे.

— आभारी आहे दादा. मग वहीत ‘माळ = न नांगरलेली, मुरमाड, गवताळ जमीन’ असं लिहू का?

— लिहा. ‘मोकळी’ तेवढं जोडा, माळढोकाला तेच लागतं. आणि ‘ओसाड’ खोडायला सांगा.