डॉख, माल, देन, हाल्ट... हे बोलण्यात आणायचे कसे?

कुडाळची_सिस्टर:
नर्सिंग झालंय, जर्मन बी१ पास आहे, आता कुडाळहूनच ऑनलाइन बी२ ची तयारी चालू आहे. व्याकरण बऱ्यापैकी बसलंय, पण जर्मन माणसं आपसात बोलायला लागली की प्रत्येक वाक्यात एखादा डॉख नाहीतर माल नाहीतर हाल्ट असतोच, आणि डिक्शनरी उघडली तर एकेकाचे ढीगभर अर्थ, त्यातला एकही समोरच्या वाक्यात बसत नाही. स्पीकिंगच्या बाई म्हणतात तुझी वाक्यं बरोबर आहेत पण पेशंटला हुकूम सोडल्यासारखी वाटतात. तिकडे जर्मनीत वॉर्डमधे रोज म्हाताऱ्या माणसांशी बोलायचंय, त्यामुळे हे मला खरंच नीट जमायला हवंय. कुठून सुरुवात करू? पाठ करायचे का?

गुहागरकर_श्टुटगार्ट:
अगं अर्थ पाठ नको करू. हे शब्द काढून टाकले तरी वाक्यातली माहिती तीच राहते, बदलतो तो बोलणाऱ्याचा सूर, आणि आपण तर दिवसभर ना, की, जरा, हां लावूनच बोलतो. तू कुडाळची, मग 'फाल्या येतलंस?' (उद्या येणार का?) आणि 'फाल्या येतलंस मां?' यातला फरक तुला कोणी शिकवायला नको, दुसऱ्यात तू येणार हे धरूनच विचारलंय. 'डू कोम्स्ट डॉख मॉर्गेन?' मधला डॉख तेच काम करतो, वाक्य सरळ ठेवायचं आणि शेवटी सूर वर न्यायचा.

सुरुवात माल पासून कर, तो आपल्या 'जरा'च्या सगळ्यात जवळ आहे. 'गेबेन झी मीअर बिटे माल ईरेन आर्म', हात द्या बघू जरा. बायको इथे हॉस्पिटलात कामाला आहे, तिच्या कामात सगळ्यात उपयोगी पडतो तो रूइश, म्हणजे आपलं खुशाल. रात्री बेल दाबायला म्हातारी माणसं फार संकोचतात, त्यांना 'झी क्योनेन रूइश क्लिंगेल्न' म्हटलं की त्यांना बरं वाटतं. धीर द्यायला शोन, 'दास विर्ट शोन', होईल हो सगळं नीट. आणि पडायची भीती असलेल्या पेशंटला 'श्टेएन झी ब्लोस निश्ट अलाइन आउफ!', एकट्याने उठू नका हां, इथे मात्र ब्लोसवर चांगला जोर येतो.

हे सुटे शब्द म्हणून न शिकता अशी अख्खी वाक्यं तोंडात बसव. डॉइच वेले या जर्मन प्रसारण संस्थेच्या हळू वाचलेल्या बातम्या ऐकत असशील तर ऐक, पण त्यात हे फारसे सापडणार नाहीत, बातमी लिहून वाचलेली असते. दोन माणसं गप्पा मारतायत असं काहीतरी ऐक. आणि आमच्या श्टुटगार्टकडे आलीस तर वाक्याच्या शेवटी 'गेल?' ऐकशील, तो म्हणजे सरळ आपला ना.

चिपळूणच्या_जर्मनबाई:
वरचं सगळं पटलं, फक्त जागेचं सांगते कारण मुली तिथेच अडकतात. हे शब्द वाक्याच्या सुरुवातीला येत नाहीत. 'या' (ja) हा असाच एक शब्द, तो पहिला टाकलात तर त्याचा 'हो' होतो, डॉख पहिला टाकलात तर 'पण' होतो. क्रियापदानंतर छोटी सर्वनामं आधी आणि मग हे, 'इश हाब एस दीअर डॉख गेजाग्ट', सांगितलं होतं की तुला. दोन एकत्र आले तर क्रम ठरलेला असतो, 'कोमेन झी डॉख माल फोरबाय' म्हणतात, माल डॉख कोणी म्हणत नाही. बहुतेक ठिकाणी जोर नसतो, आणि 'येत नाहीस का?' ला ठासून 'डॉख!' म्हणजे 'येतोय की!', तो डॉख वेगळा, तो एकटा उभा राहू शकतो.

हे कमी महत्त्वाचे आहेत असं मात्र समजू नका. पूर्वी शैलीवर लिहिणारे जर्मन लोकच यांना भरतीचे शब्द म्हणायचे, १९६९ मधे भाषाशास्त्रज्ञ हाराल्ड वाइट यांनी यांच्यावर अख्खं पुस्तक लिहिलं आणि तिथून नीट अभ्यास सुरू झाला.

मालवण_ते_म्युनिक:
मराठीशी जोडून शिकायला माझी हरकत नाही पण सांभाळून. आपला ना कुठेही चालतो, हुकूमात, प्रश्नात, साध्या वाक्यात, तिकडे तसं नाही. हा देन फक्त प्रश्नात येतो आणि त्यालाही समोर काहीतरी कारण लागतं. पेशंट कण्हतोय तर 'वास इस्ट देन लोस?' अगदी मायेचं, काय झालं हो. पण रस्त्यात अनोळखी माणसाला किती वाजले विचारताना देन घातलास तर तो गोंधळेल. आणि 'हाबेन झी देन दी टाब्लेटेन निश्ट गेनोमेन?' म्हणजे 'अहो, गोळ्या घेतल्याच नाहीत?', ते रागावल्यासारखं लागतं.

हाल्ट तर पेशंटपुढे नकोच. 'दास इस्ट हाल्ट झो' म्हणजे असंच असतं, आता काय करणार. बस चुकली तर ठीक, ज्याचं दुखतंय त्याला हे कसं सांगायचं? हाल्ट मूळचा दक्षिणेकडचा, उत्तरेत त्याच जागी एबेन, आता दोन्ही सगळीकडे ऐकू येतात. आमच्या बव्हेरियात आणि ऑस्ट्रियात एह पण आहे, म्हणजे तसंही.

कुडाळची_सिस्टर:
तुम्हा सगळ्यांचे खूप आभार, मां चं उदाहरण वाचून एकदम डोक्यात बसलं. मग 'ट्रिंकेन झी डॉख माल एत्वास वासर' बरोबर आहे का? पाणी प्या ना जरा?

चिपळूणच्या_जर्मनबाई:
बरोबर आहे. पण डॉखमधे थोडा आग्रह असतो, पेशंट नको नको म्हणत असेल तर तो शोभतो. पहिल्यांदाच सांगताना बिटे (प्लीज) आणि माल पुरे, आणि तेच डॉखवालं वाक्य सारखं म्हटलंस तर मागे लागल्यासारखं वाटेल. परीक्षेत औपचारिक मेल लिहिताना माल, हाल्ट टाकू नकोस. चर्चेत मात्र 'दास श्टिम्ट शोन, आबर...' नक्की वापर, म्हणजे 'ते खरंय, पण...', समोरच्याचं मान्य करून आपलं म्हणणं पुढे नेता येतं.