मदत हवी आहे: दुकानांच्या वेळेचं निवेदन लिहायचंय, पण नुसतं "सगळं उघडा" असं नको

नमस्कार मंडळी,

मी नागपूरची. महालात केळीबाग रोडच्या बाजूला माझं छोटं मॅचिंग सेंटर आहे, अस्तर, फॉल, ब्लाऊजपीस, लेस आणि एक फॉल-पिकोची मशीन. कोरोनाच्या निर्बंधांमुळे दुकानांना जी वेळ ठरवून दिली आहे तिच्याबद्दल आमच्या लाइनीतल्या दुकानदारांचं निवेदन द्यायचं ठरलंय आणि लिहायचं काम माझ्याकडे आलंय. व्हॉट्सॲपवर एक तयार मसुदा फिरून राहिलाय, त्यात लॉकडाऊन हटवा, पूर्ण वेळ दुकानं उघडा, तिसरी लाट वगैरे सगळी भीती दाखवणं आहे, एवढंच लिहिलंय. त्यावर मी सही करणार नाही. पण 4 वाजता शटर पाडायचा नियम बरोबर आहे असंही मला वाटत नाही, आणि हे दोन्ही एकाच कागदावर कसं मांडायचं तिथे अडले आहे.

बाहेरगावच्यांसाठी थोडक्यात सांगते. 7 जून 2021 पासून राज्यात निर्बंधांच्या पाच लेव्हल आल्या, एक सगळ्यात सैल आणि पाच सगळ्यात कडक. पॉझिटिव्हिटी रेट (शंभर तपासण्यांत किती पॉझिटिव्ह निघाले तो) 5 टक्क्यांच्या आत आणि ऑक्सिजनचे बेड 25 टक्क्यांपेक्षा कमी भरलेले असले की लेव्हल एक, तिथपासून चढत चढत पॉझिटिव्हिटी 20 च्या वर किंवा बेड 75 टक्क्यांच्या वर भरलेले असले की लेव्हल पाच. नागपूर लेव्हल एकमध्ये होतं. (त्याच्या आधी 3 जूनला राज्याचे मंत्री वडेट्टीवार साहेबांनी 18 जिल्हे उद्यापासून अनलॉक म्हणून सांगितलं आणि थोड्याच वेळात सरकारकडून खुलासा आला की प्रस्ताव अजून विचाराधीन आहे. त्या संध्याकाळी बाजारात जो गोंधळ झाला तो आठवला तरी डोकं दुखतं, कोणी माल बोलावला, कोणी गावी गेलेल्या माणसाला फोन करून परत ये म्हटलं.) मग 25 जूनला डेल्टा प्लस या कोरोनाच्या नव्या प्रकाराच्या धास्तीने नवीन आदेश आला की आकडे कितीही कमी असू द्या, कोणताच जिल्हा तीनच्या खाली यायचा नाही. तेव्हा 28 जूनपासून आम्ही 4 पर्यंत, आणि शनिवार-रविवार बंद.

आता जुलै संपत आला. जिल्ह्यात रोजचे पेशंट दोन आकडी, एखाद्या दिवशी एक आकडी. पॉझिटिव्हिटी एक टक्क्याच्या आत. म्हणजे सरकारनेच सांगितलेल्या मापाने आम्ही पहिल्या लेव्हलला बसतो आणि नियम तिसरीचे पाळून राहिलो.

4 वाजताच्या बंधनाने नेमकं काय होतं ते सांगते, कारण मसुद्यात हेच कोणी लिहिलेलं नाही. आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक बाया एकतर नोकरीवाल्या नाहीतर घरचं आटपून संध्याकाळी निघणाऱ्या. नागपुरात तशीही खरेदी ऊन उतरल्यावरची. आता त्या सगळ्या दुपारी तीन ते चारमध्ये येतात, कोणी ऑफिसमधून अर्धा तास मागून. मॅचिंगचं काम घाईत होत नाही हो. ट्यूबलाइटखाली मोरपंखी वेगळा दिसतो आणि उजेडात वेगळा, म्हणून साडी घेऊन दारात जायचं, अस्तराचं टोक तिच्यावर ठेवून बघायचं, परत आत यायचं, दुसरा थान काढायचा. साडेतीनला माझ्या दारात अशा पाच-सहा जणी साड्या उलगडून उभ्या असतात, काउंटरला तेवढ्याच, आणि दोन पोरी कामाला आहेत त्या मीटर लावून लावून थकून जातात. दुकान दहा बाय बारा. अंतर ठेवा म्हणायचं कोणाला? हेच गिऱ्हाईक रात्री 8 पर्यंत विभागून आलं तर एका वेळी दोघी-तिघींच्या वर नसतील. मग जो नियम गर्दी कमी करायला आणला त्यानेच माझ्या दुकानात गर्दी होऊन राहिली, हे साहेबांना कसं पटवायचं?

आणि दुसरी बाजूही मला खरीच लिहायची आहे. एप्रिलमध्ये जिल्ह्यात एका दिवसात सात हजारांच्या वर पेशंट निघाले, मृत्यू शंभरच्या वर जात होते. माझी जाऊ नर्स आहे, तेव्हा कोविड वॉर्डात होती. घरी आली की वरच्या खोलीत राहायची, आम्ही ताट पायऱ्यांवर ठेवत होतो. आमच्या लाइनीत दोन दुकानांचे मालक गेले, त्यातल्या एका ठिकाणी आता बारावीतलं पोरगं बसते. त्या पोराच्या समोर "तिसरी लाट वगैरे काही नाही" लिहिलेल्या कागदावर मी सही कशी करू? फेब्रुवारीतही सगळे असंच म्हणत होते की गेला कोरोना, आणि 15 मार्चला शहरात पुन्हा कडक लॉकडाऊन लागला.

म्हणून विचारायचं असं की एक, पॉझिटिव्हिटीचा आकडा स्वतः काढायचा तर कसा आणि कुठून, म्हणजे कोणी खोडून काढू नये. दुसरं, निवेदन द्यायचं कोणाला, कलेक्टर, मनपा आयुक्त की पालकमंत्री, सगळे एकमेकांकडे बोट दाखवतात. आणि तिसरं माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं, नुसतं उघडा म्हणण्यापेक्षा "कोणता आकडा झाला की काय उघडेल आणि कोणता झाला की काय बंद होईल हे आधीच छापून द्या" अशी मागणी करणं योग्य आहे का? यंदा राखी 22 ऑगस्टला रविवारी आहे. शनिवार-रविवार बंद राहिलं तर अख्ख्या शहराची राखीची खरेदी शुक्रवारी 4 च्या आत होणार. माल आत्ता भरायचा की नाही तेही समजत नाही.

राजकारण नको कृपया, ते दुसऱ्या धाग्यांवर भरपूर चालू आहे.

प्रतिसाद, ऑरेंजसिटी:
ताई, पत्त्याचं आधी सांगतो कारण बरीच निवेदनं तिथेच वाया जातात. जूनच्या आदेशात नागपूर महापालिका हे वेगळं प्रशासकीय घटक धरलंय आणि उरलेला जिल्हा वेगळा. 2011 च्या जनगणनेत दहा लाखांवर लोकसंख्या असलेल्या महापालिकांना तसं केलं आहे. म्हणजे तुमच्या दुकानाचा संबंध मनपा आयुक्तांशी. पण, आणि हा पण मोठा आहे, 25 जूनच्या आदेशाने तीनच्या खाली यायचं दारच राज्याने बंद केलंय, त्यामुळे आयुक्त किंवा कलेक्टर मनात असूनही 4 चे 8 करू शकत नाहीत. त्यांना जास्त कडक करता येतं, सैल करता येत नाही. म्हणून मुख्य निवेदन मुख्य सचिवांच्या नावाने, राज्य कार्यकारी समितीचे अध्यक्ष म्हणून. प्रती आयुक्त, कलेक्टर आणि पालकमंत्री राऊत साहेबांना. स्थानिक अधिकाऱ्यांकडे एवढंच मागा की आमचे आकडे बरोबर आहेत अशी शिफारस वर पाठवा. ते त्यांच्या हातात आहे.

प्रतिसाद, सक्करदरा:
आकडा सोपा आहे. आठवड्यातले पॉझिटिव्ह भागिले आठवड्यातल्या तपासण्या गुणिले शंभर. रोजची प्रेसनोट येते त्यात शहर, ग्रामीण आणि जिल्ह्याबाहेरचे असे तीन भाग असतात, बाहेरचे धरू नका. एका दिवसावरून काढू नका, रविवारी तपासण्या कमी होतात आणि टक्का उगाच वरखाली होतो. आणखी एक, नवीन आदेशात फक्त आरटीपीसीआर धरायचं म्हटलंय, अँटिजेन मिसळलं की तुमचं निवेदन पहिल्याच मिनिटाला बाजूला ठेवतील. खाली यायला दोन आठवड्यांचा कल बघतात, वर चढवायला थांबत नाहीत, म्हणून दोन आठवड्यांचे आकडे शेजारी शेजारी द्या. सोबत ऑक्सिजन बेड किती भरले तेही टाका, ते लोक विसरतात.

प्रतिसाद, रात्रपाळी:
मी हॉस्पिटलमध्ये काम करतो म्हणून विरुद्ध बाजूने लिहितो, राग मानू नका. आज पेशंट कमी आहेत हे उघडायला पुरेसं कारण नाही. केरळात अजून रोज हजारोंनी निघून राहिलेत. कोविशील्डच्या दोन डोसमध्ये 12 ते 16 आठवडे करून ठेवलेत, म्हणजे मे-जूनमध्ये पहिला घेतलेल्यांचा दुसरा अजून व्हायचाच आहे, आणि लस आली नाही म्हणून सेंटर बंद असल्याची पाटी आपण सगळ्यांनी पाहिली आहे. आयसीएमआरच्या सर्व्हेत 67.6 टक्के लोकांत अँटिबॉडी सापडल्या हे सगळे सांगतात, पण म्हणजे देशात तीनातल्या एकाजवळ काहीच नाही हे कोणी सांगत नाही. तरी तुमचा तीन ते चारचा मुद्दा मला शंभर टक्के पटला. हा आजार हवेतून पसरतो हे आता जागतिक आरोग्य संघटनाही मान्य करते. दहा बाय बाराच्या खोलीत एक तास बारा जणी आणि चार तास तीन-तीन जणी, यात दुसरं कधीही बरं. निवेदनात वेळ वाढवून मागा पण सोबत स्वतःहून काही द्या, एका वेळी किती गिऱ्हाईक आत, दार उघडं, एग्झॉस्ट चालू, काम करणाऱ्यांची लस झाल्याचा कागद काउंटरवर.

प्रतिसाद, विदर्भकन्या:
काऊन एवढं नरमाईनं लिहायचं ताई? दीड वर्ष झालं. 2020 च्या जूनमध्ये सम-विषम, एका दिवशी या बाजूची दुकानं आणि दुसऱ्या दिवशी त्या बाजूची, मग रात्रीचा कर्फ्यू, मग "ब्रेक द चेन" नावाने राज्याचे निर्बंध. भाडं पूर्ण, लाइट बिल पूर्ण, दुकान अर्धं. माझ्या भावाचं टिफिन सेंटर होतं, बंद केलं त्याने. हात जोडून काही होत नाही.

प्रतिसाद, ठाण्याहून:
तिसऱ्या प्रश्नाबद्दल. तुम्ही म्हणता तसं आधी छापून देणं झालेलं आहे दुसरीकडे. इंग्लंडने 22 फेब्रुवारीला चार पायऱ्या जाहीर केल्या, दोन पायऱ्यांमध्ये किमान पाच आठवडे, आणि प्रत्येक पायरीआधी चार गोष्टी तपासायच्या: लसीकरण, लसीचा परिणाम, हॉस्पिटलवरचा ताण आणि नवा व्हेरियंट. शेवटची पायरी 21 जूनला होती, डेल्टामुळे ती 19 जुलैवर ढकलली. तिथेही भांडणं झाली, काही डॉक्टर म्हणाले घाई होतेय, पब आणि नाइटक्लबवाले म्हणाले उशीर. पण पुढची पायरी कोणती हे दुकानदाराला माहीत होतं. महाराष्ट्रात पाच लेव्हल हे तेच होतं की, चांगलं होतं, मग तीन आठवड्यांत त्याला खालून खुंटी मारली. निवेदनात तेच लिहा, आम्हाला नवीन काही नको, तुमचाच 4 जूनचा आदेश परत लावा.

धागाकर्ती:
सगळ्यांचे मनापासून आभार. विदर्भकन्या ताई, तुमच्या भावाचं वाचून वाईट वाटलं आणि तुमचा राग मला खोटा वाटत नाही, आमच्या लाइनीतही निम्मे लोक असंच बोलतात. नरमाई म्हणून नाही, पण माझ्या जावेने जे पाहिलं ते सोडून मला लिहिताच येत नाही. रात्रपाळी दादांचं सगळं घेतलं. सध्या मधला परिच्छेद असा झालाय, बघा:

"आमची मागणी निर्बंध सरसकट हटवण्याची नाही. शासनाने स्वतः ठरवलेले पॉझिटिव्हिटी आणि ऑक्सिजन बेडचे निकष नागपूर शहरास पुन्हा लागू करावेत. दुकाने 4 ऐवजी रात्री 8 पर्यंत सुरू राहिल्यास तेच ग्राहक अधिक तासांत विभागले जातील. प्रत्येक दुकानात एका वेळी किती ग्राहक याची मर्यादा आम्ही दारावर लावू व पाळू. आकडे वाढल्यास ठरलेल्या निकषानुसार दुकाने बंद करण्यास आमची हरकत राहणार नाही, मात्र बदलाची सूचना किमान तीन दिवस आधी मिळावी."

शेवटच्या ओळीवरून लाइनीत वाद चालू आहे. काही जण म्हणतात "बंद करण्यास हरकत नाही" हे लिहून आपणच आपला हात कापून देतो. मला वाटतं ते वाक्य काढलं तर बाकीच्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही. आणि तीन दिवस का, तर कामावरच्या पोरींना आठवड्याचा पगार सांगता यावा आणि गांधीबागेतून माल उचलायचा की नाही ते ठरवता यावं.

प्रतिसाद, ऑरेंजसिटी:
वाक्य ठेवा. फक्त "ठरलेल्या" च्या जागी आदेशाची तारीख टाका, नाहीतर उद्या कोणी तरी नवीनच काही ठरवेल.

धागाकर्ती, 2 ऑगस्टला रात्री:
आदेश आला. बऱ्याच जिल्ह्यांना सूट, नागपूर आहे त्यात. दुकानं रात्री 8 पर्यंत, शनिवारी 3 पर्यंत, रविवार बंद. ज्या 11 जिल्ह्यांत आकडे वाढलेले आहेत तिथे लेव्हल तीनच. आमच्यासाठी मोठा दिलासा आहे, पोरींना मी लगेच फोन केले. हॉटेलवाले मात्र 4 वरच अडकलेत, निम्म्या टेबलांवर, आणि थिएटर, मंदिरं बंदच. पुढची पायरी कधी आणि कशावर हे या आदेशातही मला सापडलं नाही, कोणाला दिसलं तर सांगा.

निवेदन तरी द्यायचं आहे, आता वेळेचा भाग काढून दोनच गोष्टी ठेवते, पुढचे निकष आधी जाहीर करा आणि शनिवार 21 ऑगस्टला राखीच्या आदल्या दिवशी 3 ऐवजी 8 पर्यंत परवानगी द्या. हॉटेलवाल्यांचा मुद्दा आमच्याच कागदात घ्यावा की त्यांनी वेगळा द्यावा, याबद्दल कोणी सांगू शकेल का? बुधवारी सकाळी प्रिंट काढायची आहे.