तेरच्या म्युझियममधे पोरांना न्यावं का?

लातूरकर: सुट्टीला पोरं आलीत, गोरोबाकाकांच्या, म्हणजे संत गोरा कुंभारांच्या, दर्शनाला तेरला जायलोत. तिथलं लामतुरे म्युझियम पोरांना कळंल का, का काचंतली मडकी बघून कंटाळतील?

धाराशिवची ताई: न्याच हो! रामलिंगप्पा लामतुरे तेरचेच, पांढरीत, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडात, सापडलेलं मणी, नाणी, मातीच्या मूर्ती त्यांनी जमवल्या म्हणून आज हे बघायला मिळतंय. तेर म्हणजे जुनं तगर, दोन हजार वर्षांमागं इथला माल गाड्यांनी गुजरातेतल्या भडोच बंदराला जायचा नि तिथनं जहाजानं रोमकडं. तेरला सापडलेली हस्तिदंताची बाई वीतभर पण नाही, पण तिच्यासारखीच इटलीत पॉम्पेईला १९३८ साली सापडली, हे पोरांना आधी सांगा, मग बघा कसे काचंला नाक लावून उभे राहतात.

पांढरीतला: ताईंचं पटलं, पण एकदा बघून काय होतंय? गोरोबांचं गाव आहे, तिथं दर रविवारी चाक फिरायला पायजे, कुंभारकाकांनी पोरांच्या हातात चिखल द्यायला पायजे. माझ्या पुतणीनं घरी येऊन मातीची बाहुली केली, केसांचा खोपा हुबेहूब तिथल्या मूर्तीसारखा.

लातूरकर: मग आधी म्युझियम, नंतर दर्शन. चिकणमाती पण घेऊन येतो.