एमडीचा सक्तीचा प्रबंध संसर्गरोगांचे संशोधक घडवतो का?

सूक्ष्मदर्शी (धागाकर्ता):
मेडिसिन किंवा मायक्रोबायॉलॉजीत एमडी (एमबीबीएसनंतरची पदव्युत्तर पदवी) करणाऱ्या प्रत्येकाला तीन वर्षांत एक प्रबंध लिहावाच लागतो, आणि त्यातून ‘आमच्या रुग्णालयातील डेंग्यूच्या रुग्णांची लक्षणे’ या धर्तीचे प्रबंध वर्षानुवर्षे तयार होऊन विभागाच्या कपाटात जातात. आकडेमोड बाहेर पैसे देऊन करून घेतली जाते, हेही उघड गुपित आहे. माझे मत असे की ही सक्ती काढावी. क्षयरोग, एचआयव्ही किंवा प्रतिजैविकांना न जुमानणारे जंतू यांवर ज्यांना आयुष्य घालवायचे आहे, अशा मोजक्या डॉक्टरांना एमडीनंतर दोन-तीन वर्षे पूर्ण पगारावर केवळ संशोधनासाठी मोकळे ठेवावे. बाकीच्यांनी तो वेळ रुग्णांसाठी द्यावा.

जुना मास्तर:
तीव्र असहमती. भारतातला एचआयव्हीचा पहिला शोध १९८६ मध्ये लागला, तो अशाच एका सक्तीच्या प्रबंधातून, याची आठवण करून देतो. मद्रास मेडिकल कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकणाऱ्या डॉ. सेल्लप्पन निर्मला यांना हा विषय त्यांच्या मार्गदर्शक डॉ. सुनीती सॉलोमन यांनी सुचवला. (सॉलोमन या माहेरच्या गायतोंडे, चेन्नईत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबातल्या.) हा रोग परदेशातला, आपल्याकडे तो कुठला, असे म्हणण्याचा तो काळ होता. निर्मलांनी देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांचे ऐंशीहून अधिक नमुने गोळा केले, वेगळे केलेले सीरम (रक्त गोठल्यावर उरणारा पातळ भाग) घरच्या फ्रिजमध्ये ठेवले आणि ते वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात तपासून घेतले. त्यांतले सहा नमुने बाधित निघाले. आपण म्हणता तशी ‘मोजक्यांची’ निवड त्या वेळी झाली असती, तर एचआयव्हीची फारशी माहितीही नसलेल्या त्या विद्यार्थिनीला कोणी निवडले असते का?

सूक्ष्मदर्शी:
उदाहरण आपण दिलेत, पण ते माझ्याच बाजूचे आहे. तो शोध सक्तीने लावला नाही. जगात काय चालले आहे ते वाचणारी मार्गदर्शक आणि एलायझा या रक्तातली प्रतिपिंडे ओळखणाऱ्या चाचणीची सोय असलेले वेल्लोर, या दोन गोष्टी त्यामागे होत्या. आज एका मार्गदर्शकाकडे एकाच वेळी किती विद्यार्थी असतात आणि त्यांतल्या किती जणांच्या विषयावर तो स्वतः काही वाचतो, हे आपल्याला माझ्यापेक्षा अधिक ठाऊक असेल.

रात्रपाळी:
मी सध्या मेडिसिनची निवासी डॉक्टर आहे. माझा विषय स्क्रब टायफस, म्हणजे बारीक किड्यांच्या चाव्यातून होणारा ताप. तापाचा रुग्ण दाखल होतो रात्री, रक्त घ्यायचे असते प्रतिजैविकाचा पहिला डोस देण्यापूर्वी, आणि नमुने गोठवून ठेवण्याचा फ्रीजर ज्या खोलीत आहे तिला संध्याकाळी पाचला कुलूप लागते. मग सीरम वॉर्डातल्या इन्सुलिनच्या फ्रिजमध्ये सकाळपर्यंत थांबते. निर्मलांच्या घरच्या फ्रिजची गोष्ट ऐकून अभिमान वाटतो हे खरे, तरी चाळीस वर्षांनंतर आम्ही तेच करावे अशी अपेक्षा असेल तर त्यात कौतुकासारखे काही नाही. सक्ती ठेवा किंवा काढा, आठवड्यातला एक दिवस वॉर्डातून सुटका आणि त्या कुलपाची किल्ली, एवढे मिळाले तरी माझा प्रबंध कपाटात पडून राहण्याच्या लायकीचा होणार नाही.

मुळामुठा:
पुण्यातले उदाहरण घ्या. बी. जे. मेडिकल कॉलेजने जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाबरोबर एचआयव्हीवर काम उभे केले. अंगावर पिणाऱ्या बाळांना आईकडून संसर्ग होऊ नये म्हणून सहा आठवडे नेव्हिरापिन हे एचआयव्हीविरोधी औषध द्यावे का, याची चाचणी इथिओपिया आणि युगांडाबरोबर तिथेही झाली आणि तिचे निष्कर्ष २००८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. अशा ठिकाणी समुपदेशक, नोंदी ठेवणारे, नमुने सांभाळणारे असा पगारी चमू असतो, आणि त्यात वावरलेला तरुण डॉक्टर संमतिपत्रापासून निष्कर्षापर्यंतचा सगळा प्रवास पाहतो. त्यामुळे आधी केंद्रे उभी करा, उमेदवार आपोआप सापडतील. परदेशी पैसा थांबला की हा चमू कोणी पोसायचा, हा प्रश्न मात्र राज्य सरकारला विचारायला हवा.

जुना मास्तर:
केंद्रे हवीतच, त्याबद्दल वाद नाही. परंतु अशी केंद्रे मोठ्या शहरांत निघतील, आणि कोकणातला लेप्टोस्पायरोसिस (उंदरांच्या मूत्रातून पसरणारा ताप) किंवा सिंधुदुर्गातला माकडताप (गोचिडींतून पसरणारा) प्रथम दिसतील ते तिथल्याच डॉक्टरला. त्याने उभ्या आयुष्यात एकदाही नोंदवही नीट ठेवली नसेल, तर आपल्यासमोर काय आले आहे हे त्याच्या ध्यानातही येणार नाही. म्हणून प्रबंध राहू द्या. बदलायचाच असेल तर मार्गदर्शकाचा नियम बदला: ज्याने स्वतः गेल्या पाच वर्षांत त्या विषयावर काही प्रसिद्ध केलेले नाही, त्याला विद्यार्थी देऊ नये.

सूक्ष्मदर्शी:
हा नियम उद्या लागू झाला, तर राज्यातल्या निम्म्या विभागांत मार्गदर्शकच उरणार नाही असा माझा अंदाज आहे. तरीही प्रयोग म्हणून तो मला चालेल, पण रात्रपाळी यांनी मागितलेला आठवड्याचा एक दिवस त्याच आदेशात लिहून मिळाला पाहिजे.