मदत हवी आहे: माकुलीच्या पिल्लांसाठी मुंबईत जिवंत खाणं कुठे मिळेल?

घरच्या खाऱ्या टाकीत बुटक्या कटलफिशची, म्हणजे माकुलीच्या छोट्या जातीची, पाच आठवड्यांची चार पिल्लं आहेत. टाकी २०० लिटर, क्षारता १.०२५ (विशिष्ट गुरुत्व), चिलरवर तापमान २५ अंश, अमोनिया आणि नायट्राइट शून्य, स्किमर (फेसातून पाण्यातली घाण काढणारं यंत्र) चालू. शाई सोडली तर लगेच घालता यावा म्हणून पाणी शुद्ध करणारा कार्बन तयार ठेवलाय. पाणी आरओचं, मीठ रीफचं, म्हणजे प्रवाळांच्या टाक्यांसाठीचं. किनाऱ्यावरचं पाणी वापरत नाही, पावसात त्याची क्षारता फार घसरते.

अडचण खाण्याची. पिल्लं हलणाऱ्या भक्ष्यावरच झडप घालतात. नुसत्या आर्टेमियावर (बारीक खाऱ्या पाण्यातल्या जीवांवर) ती नीट वाढत नाहीत, त्यात पोषण अपुरं. मायसिड (कोळंबीसारखे छोटे जीव) किंवा बारीक कोळंबी जिवंतच हवी, दिवसातून दोन-तीनदा. भाऊच्या धक्क्यावरचा जवळा मेलेला, बर्फातला असतो. त्यात १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदी.

ठाणे किंवा ऐरोलीच्या खाडीतली बारीक कोळंबी कोणी जिवंत आणून देतं का? खाडीचं पाणी कमी खारट, मग ती टाकीच्या क्षारतेला किती तासांत आणावी? दुकानातल्या गोड्या पाण्यातल्या कोळंबीची मला धास्ती वाटते: तांब्याचं औषध वापरलं असेल तर माकुलीला ते थोडंसंही घातक.

गोठवलेल्या मायसिडवर कोणी पिल्लं वळवली असतील तर नेमकं सांगा: पारदर्शक काडीवर तुकडा हलवायचा, की पंपाच्या प्रवाहात सोडायचा? कितव्या आठवड्यापासून? एका पिल्लाची शेपटीकडची कड काचेवर आपटून पांढरी पडलीये, त्यावरही उपाय हवाय. कृपया लवकर कळवा.